गार डब्यातली नळी

माझ्या हाताला शीर लगेच लागते असं अर्धी हिंगोली म्हणते, आणि उरलेली अर्धी अजून माझ्याकडे आलेली नाही. बस स्टँडमागच्या बोळात माझी रक्त तपासायची लॅब आहे. एक खोली, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे बाकडं, पलीकडे एक खुर्ची, एक स्टूल, फ्रीज आणि दोन मशीन. वीस वर्षं मी लोकांना टोचते आहे. हळद शिजवायच्या कढईपुढे दिवसभर उभे राहणारे बापे सुई बघून पांढरे पडतात, आणि पोटुशी बाई डोक्यावरचं ओझं बाहेर ठेवून मुकाट हात पुढे करते. अशा वेळी मी बाप्यांना बोलते. तसं मी सगळ्यांनाच बोलते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं माझी आई मला म्हणायची, आता नवरा म्हणतो, आणि मला त्याचं बरीच वर्षं कौतुकच वाटत आलं. बाईमाणसानं एकटीनं धंदा करायचा तर तोंड पाहिजे, असं माझं म्हणणं होतं.

ते तोंड कुठे नडलं ते सांगायचं आहे.

ती पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती. पुसेगावच्या बाजूच्या एका वस्तीवरच्या मेंढपाळाची लेक. आईच्या कडेवर बसलेली, डोळे टकटकीत, आणि झबल्याखाली पोट एकाच अंगानं फुगलेलं. सोबत सोनोग्राफीचा कागद होता. तो वाचून मी दोन मिनिटं उगाच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधल्यासारखं केलं. डाव्या मूत्रपिंडावर मोठी गाठ होती. लहान लेकरांना होणारा हा किडनीचा कॅन्सर मी पुस्तकात वाचला होता, आमच्याकडे आलेला पाहिला नव्हता.

आई असेल पंचविशीची. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काय कळायचं ते कळलं असावं, पण ती आपलीच हकीकत सांगत राहिली.

"न्हाऊ घालत व्हते बाई. साबण लावताना हाताला लागलं. मेंढी गाभण हाय का न्हाई, ते आमाला हातानं कळतंय ना, तसं. पण ते जितं न्हाई लागलं. घट्ट लागलं."

वस्तीवर कोणी जंत म्हटलं, कोणी माती खाते म्हटलं. आल्यागेल्यानं पोट दाबून पाहिलं. ह्या गाठीचं दुखणं असं, की दाबलं तर ती आत फुटू शकते, आणि फुटली तर सगळ्या पोटात पसरते. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून ह्या बाईनं लेकीच्या पोटाला मऊ धडपं बांधलं होतं आणि सासूलासुद्धा हात लावू दिला नव्हता. एकदा सांगितलेलं ती अशी धरून ठेवायची. हे मला तेव्हाच दिसलं होतं, पुढे मी ते विसरले.

मी पट्टा बांधला, लहान लेकरांची पंखवाली सुई काढली. पोरगी ओरडली, पण शीर पहिल्या झटक्यात लागली. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त आलं तशी आई वाकून नळीत बघायला लागली.

"ह्यात दिसंल का ती गाठ?"

"गाठ रक्तात दिसत नाही गं. गाठ फोटोत दिसते. रक्त एवढंच सांगतं की बाकीचं अंग कसं चाललंय. दुसरी किडनी काम करते का, अंगात रक्त किती आहे, असं."

तिला ते पटलं नाही. "सगळं अंग रक्तावर चालतंय," ती म्हणाली, "रक्त सगळीकडं हिंडून येतंय, अन् रक्तालाच ठावं न्हाई व्हय?"

मी हसले. डॉक्टरापेक्षा हुशार आहेस असं काहीतरी म्हणाले. बाकड्यावरचे दोघं-तिघंही हसले. ती ओशाळली आणि पदरानं लेकीचा हात पुसायला लागली.

पुढचं वर्ष माझ्या डोक्यात दर आठवड्याच्या एका सकाळचं आहे. नांदेडला मोठ्या दवाखान्यात इलाज सुरू झाला. आधी काही आठवडे शिरेतून औषध, मग ऑपरेशन, त्यात डावी किडनी काढली, मग परत औषध. ह्या औषधानं गाठीबरोबर अंगातल्या चांगल्या पेशीही मरतात. पांढऱ्या पेशी फार खाली असल्या तर पुढचा डोस देता येत नाही, दिला तर साधा ताप जिवावर बेततो. म्हणून डोसच्या आदल्या दिवशी रक्त बघायचं. नांदेडपर्यंत जाऊन रिकामं परत यायला नको म्हणून तिथल्या डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं, की हिंगोलीत तपासा आणि रिपोर्ट फोनवर पाठवा. तेव्हापासून ती मायलेक पहिल्या गाडीनं माझ्याकडे. मी शटर वर करायच्या आधी पायरीवर बसलेल्या असायच्या. बाप मेंढ्यांमागे.

पेशी चांगल्या आल्या की मी पडद्यातूनच ओरडायची, "जा गं नांदेडला!" आणि ती आई असं हसायची की जणू नांदेडला लग्नच आहे. पेशी खाली आल्या तर मी आवाज बारीक करून सांगायची. मग ती विचारायची, "काय खाऊ घालू?" आणि मी म्हणायची, खाण्यानं होत नाही, थांबावं लागतं. तरी पुढच्या खेपेला ती डाळिंब, गूळ, बीट, कोणी काय सांगेल ते खाऊ घालून आलेली असायची.

पोरीचे केस गेले. टक्कल पडलेल्या डोक्याला आईनं बापाच्या जुन्या फेट्याचं फडकं गुंडाळलं, लाल. मला ती सुईमावशी म्हणायची. पहिले दोन महिने मला बघून किंचाळायची, मग तिनं भांडायला सुरुवात केली. भांडणारं लेकरू मला आवडतं. हात मागे लपवून म्हणायची, "मागचं दे आदी. मग घे."

"मागचं काय?"

"माझं रगत. किती दिस झाले, घिऊनच राहिलीस. परत कवा देतीस?"

"उद्या देते."

"तू रोज उद्या म्हनतीस."

मी तिला खरं कधी सांगितलं नाही. तपासलेलं रक्त आठवडाभर ठेवतो आणि मग लाल पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीला देतो, हे चार वर्षांच्या लेकराला कोण सांगणार? तिला वाटायचं की माझ्या फ्रीजमध्ये तिचं सगळं रक्त जपून ठेवलेलं आहे. एकदा तिची आई सांगत होती, की वस्तीवर ती कोकराला धरून बसते, त्याच्या पायाला चिंधी करकचून बांधते, लिंबाची काडी टोचते आणि म्हणते, "रडू नको, तुला परत देते."

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. हा मुंगीच्या पावलानं का होईना, पण गेला. औषध संपलं. केस आले, आधीपेक्षा दाट आणि कुरळे. उरलेली एक किडनी दोन्हींचं काम करायला लागली, तिचा आकडा मी दर वेळी आधी बघायची. आई माझ्यासाठी शेळीच्या चिकाचा खरवस घेऊन आली, डब्यात हलला होता म्हणून वाईट वाटून घेत होती. मी सगळा खाल्ला. आता तीन महिन्यांनी एकदा पोटाची सोनोग्राफी, छातीचा फोटो आणि रक्त, एवढंच होतं. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की ही गाठ परत आलीच तर पहिल्या दोन वर्षांत येते, बहुतेक छातीत, म्हणून तारीख चुकवायची नाही. तिला तारखा वाचता येत नव्हत्या. तिनं आपल्या हिशेबानं पक्कं केलं होतं, आणि एकदाही चुकली नाही.

अशा एका खेपेला नांदेडच्या डॉक्टरांचा मला फोन आला. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत नवीन तपासणीचं काम चाललं होतं. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे बारीक कण रक्तात सुटतात. ते कण रक्तातून हुडकता आले, तर गाठ परत येतेय हे फोटोत दिसण्याआधी कळेल का, हे ते बघत होते. अजून शिकाऊ काम होतं, त्यावरून कुणाचा इलाज ठरत नव्हता. पण ह्या मुलीचं रक्त त्यांना हवं होतं. मी काढून द्यायचं, बर्फाच्या पिशव्या घालून थर्माकोलच्या डब्यात ठेवायचं, आणि दुपारच्या आत नांदेडला पोचवायचं. तिथून पुढे त्यांची सोय.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला, आणि त्यात पोरीपेक्षा माझा वाटा जास्त होता. बोळातली लॅब, आणि इतक्या लांबच्या शास्त्राला माझ्या हातचं रक्त जाणार. दोन दिवस मी नवऱ्याला तेच सांगत होते.

आईला सांगितलं तर ती बसल्या जागची उठली. "आता दिसतंय व्हय रक्तात?"

"दिसेल असं म्हणतात. अजून शिकताहेत."

"म्या म्हनलंच व्हतं तुमाला," ती म्हणाली. मग पोरीकडे वळून म्हणाली, "आता तुला सारकं मशिनीत घालाय नको. तुजं रगतच सांगंल सगळं." मी तिला परत एकदा सांगितलं की फोटो चालूच राहणार, पण तिचं माझ्याकडे ध्यान नव्हतं. गाठ परत येतेय का, हाच एक घोर घेऊन ती वर्षभर जगत होती, आणि आता कोणीतरी तिला म्हणत होतं की तिचाच अंदाज बरोबर होता.

नेहमीपेक्षा जास्त रक्त लागणार होतं. इतक्या महिन्यांच्या औषधानं पोरीच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या. माझ्या हाताला पहिल्यांदा शीर लागली नाही. दुसऱ्या हातातून काढलं, तेही थेंब थेंब. पोरगी रडून रडून घसा बसलेली. "मागचं दे आदी, मागचं दे," एवढंच चाललेलं. मी घायकुतीला येऊन म्हटलं, "हे एवढं नांदेडहून येऊ दे बाळा, मग परत देते. आईशप्पथ."

ती रडायची थांबली. "आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

मग तिनं माझ्या टेबलावरचा लाल पेन मागितला आणि नळीच्या चिठ्ठीवर दोन आडव्या रेघा ओढल्या. त्यांच्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल रंगाचे असेच दोन पट्टे असतात. कळप दुसऱ्या कळपात मिसळला तरी आपली मेंढी ओळखू येते.

"आमची हाय म्हनून," ती म्हणाली.

त्या खेपेचे फोटो आधीच झाले होते, म्हणून पोरीला सोबत आलेल्या आपल्या बहिणीजवळ बसवून आई एकटी डबा घेऊन नांदेडच्या गाडीत बसली. मी स्टँडवर जाऊन तिला तीन वेळा बजावलं, की डबा उघडायचा नाही, दुपारच्या आत द्यायचा. ती मान हलवत होती. का उघडायचा नाही, ते मात्र मी सांगितलं नाही. आपण सांगितलं म्हणजे झालं, अशी माझी पद्धत.

चारच्या सुमाराला नांदेडहून फोन आला. नमुना गरम आला होता. गारव्यात राहिला नाही तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचाच कचरा सगळीकडे होतो, त्यात गाठीचे कण शोधणं शक्य नाही. नमुना बाद. फोनवरचा माणूस मला हळू आवाजात, पण शिकवल्यासारखं बोलला. "मॅडम, एवढी काळजी घ्यायला पाहिजे होती." मला कोणी असं बोललेलं चालत नाही. रात्रभर मी ते वाक्य चघळत होते.

सकाळी बाकडं भरलेलं होतं, आणि ती आली. चेहरा उजळलेला. पदराआडून नळी काढली आणि म्हणाली, "बाई, तिथला मानूस टोपलीत टाकाय लागला व्हता, म्या दिली न्हाई. अन् त्या बर्फात कुनी ठिवली हो? हातभर बी गाडी गेली नसंल, म्या डब्यात हात घालून बघितला तर गारीगार. तशीच काढली अन् पोलक्यात ठिवली. नांदेडपत्तुर एकदा बी गार पडू दिली न्हाई, बगा."

आज मी ते वाक्य लिहिते तेव्हा मला सगळं कळतं. मेंढरं थंडीत वितात. नुकतं जन्मलेलं कोकरू पहिल्याच दिवशी गार पडलं तर हाती लागत नाही, म्हणून ह्या बाया ते पोलक्याशी धरून, वरून घोंगडी घेऊन बसतात. तिची सासू तेच करत आली, तीही तेच करत आली. तिच्या लेखी ह्या जगात जे जगायचं आहे ते गार पडू द्यायचं नसतं. आणि ते तर तिच्या लेकराचं रक्त होतं.

त्या सकाळी मला यातलं काही सुचलं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हटलं, अडाणी ती अडाणीच. म्हटलं, दोनदा भोसकलं मी त्या लेकराला, ते काय तू पोलक्यात घालून मिरवावं म्हणून? सांगितलेलं एक कळत नाही? मेंढरंच राखायची होती तर दवाखान्याच्या भानगडीत पडायचंच कशाला? बाकड्यावर कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं मला आणखी चेव आला. "पुढच्या वेळी कुणीतरी शहाणं माणूस पाठव. तू येऊ नको."

ती उभी होती तशीच उभी राहिली. चेहरा उतरायलाही वेळ लागला. मग तिनं नळी माझ्या टेबलावर ठेवली, आडवी, घरंगळू नये म्हणून खाली कापसाचा बोळा ठेवून. "चुकलं बाई," म्हणाली, आणि गेली.

अडाणी हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या वस्तीतून लॅबचं शिक्षण घेणारी मी पहिली. त्याच्या कितीतरी आधी, मी आठ-नऊ वर्षांची असताना, आई मला दवाखान्यात घेऊन गेली होती. तिनं केसपेपर उलटा धरला म्हणून खिडकीतली बाई सगळ्या रांगेसमोर हाच शब्द बोलली होती. आई हसली होती, लाज वाटली की हसतात तशी. त्या हसण्यामुळे मी शिकले असं मी दर वर्षी विहारातल्या कार्यक्रमात मुलींना सांगते. आणि तोच शब्द मी खिडकीच्या आतल्या बाजूनं बोलले होते.

नळी मी फ्रीजच्या दारात ठेवली, आठवड्याच्या कचऱ्यात टाकायची म्हणून. आठवडा झाला. मग आणखी एक. दर वेळी लाल पिशवी बांधताना हात त्या दोन रेघांपाशी थांबायचा. नियम मोडणाऱ्यांना मी कधी सोडलं नाही, पण ती नळी मी मागच्या कोपऱ्यात, रसायनांच्या बाटल्यांमागे सरकवली.

पुढची तारीख आली आणि गेली. ती आली नाही. मला दिसत होतं की आली नाही. माझ्या वहीत बापाचा फोन नंबर होता. मी एकदा लावला, बंद लागला, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. गरज त्यांना आहे, येतील, असं मनाशी म्हणून मी वही मिटली. ते कळप घेऊन वाशिमकडे उतरले होते, हे मला मागाहून कळलं. नांदेडला फोटोसाठी जायचं तर आधी माझ्याकडे रक्त, अशीच तिची सवय होती. माझ्या दारावरून गेल्याशिवाय नांदेडचा रस्ता तिला माहीत नव्हता, आणि माझं दार मी तिला बंद केलं होतं.

त्या चुकलेल्या तारखेनंतर पाच महिन्यांनी बाप पोरीला घेऊन आला. पोरगी उंच झाली होती आणि खोकत होती. मी विचारलं, "आई कुठंय?" त्यानं दाराकडे बोट केलं. ती बोळात, समोरच्या भिंतीला टेकून उभी होती.

मी बाहेर गेले. "आत ये की गं."

"तुमी येऊ नको म्हनल्या व्हत्या," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी सांगितलेलं तिनं पाळलं होतं, एवढंच.

मी तिचा हात धरून तिला आत आणलं. पोरगी आधीच खुर्चीवर बसली होती. मी पट्टा काढायच्या आत तिनं बाही वर केली आणि हात पुढे केला. रडली नाही, भांडली नाही, मागचं मागितलं नाही.

"आज भांडायचं नाही का सुईमावशीशी?"

"रडलं की खोकला येतोय," ती म्हणाली.

वीस वर्षांत मला कुठल्या हाताची भीती वाटली नव्हती. त्या हाताची वाटली. रक्त पातळ आलं, हिमोग्लोबिन पार खाली. त्याच दुपारी मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर नांदेडला गेले. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत गोल डाग होते, बरेच.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. पाच महिन्यांपूर्वी आले असते तर? ते म्हणाले, लवकर सापडलं तर पुष्कळ मुलं दुसऱ्यांदाही बरी होतात. पण हिचं काय झालं असतं, ते सांगता येत नाही. आणि त्या नळीत? ते म्हणाले, ती तपासणी अजून कच्ची आहे, तिच्यावर काही ठरलं नसतं, त्या नळीचं मनाला लावून घेऊ नका. नळीचं मी मनाला लावून घेतलंच नव्हतं. नळी बाद झाली तर दुसरी भरता येते. तारीख बाद झाली होती, आणि ती त्या आईच्या अडाणीपणानं नव्हे, माझ्या शहाणपणानं.

जास्त कडक औषधं सुरू झाली. केस परत गेले. ह्या वेळी रक्त तिकडेच काढत होते, माझ्याकडे यायचं कारण उरलं नाही. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या खेपेला ती झोपलेली होती. हिवाळा संपता संपता ती गेली. वस्तीपलीकडे लिंबाखाली तिला पुरलं. लहान लेकरांना आपल्याकडे जाळत नाहीत. मी पाचव्या दिवशी गेले. बायांमध्ये बसले, चहा घेतला. तो हातातच निवत गेला. आईनं माझ्या कपाकडे बघून विचारलं, "साकर कमी हाय का?" मी नाही म्हटलं आणि परत आले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती आली. दुपारची वेळ, बाकड्यावर दोघंच होते. ती पडद्याशी थांबली. मी तिला आत घेतलं, स्टूल दिलं. ती स्टुलावर बसली नाही, लेक बसायची त्या खुर्चीवर बसली.

"बाई, ते हाय का तुमच्याकडं?"

मी काय ते विचारलं नाही.

"दवाखान्यात सारकी इचारायची," ती म्हणाली. "सुईमावशीनं शप्पथ घेतलीया, नांदेडहून आलं की देनार हाय, आलं का म्हनून. म्या म्हनायची, येतंय, येतंय. आता म्हनलं बगावं. आसंल तर तिचं तिला देऊन येते."

मी फ्रीज उघडला. बाटल्या बाजूला केल्या. हात मागे घालताना मला एकच भीती होती, की कधीतरी घाईत मी ती टाकून तर दिली नसेल. नळी होती. रक्त तळाशी बसून काळं पडलं होतं, वर पिवळट पाणी. चिठ्ठीवरच्या दोन रेघा मात्र तशाच लाल होत्या. मी ती तिच्या तळव्यावर ठेवली तेव्हा मला रडू फुटलं. "माझं चुकलं गं," मी म्हणाले. "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. मी येऊ नको म्हणाले नसते तर..."

तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. "तुमी सांगितलं तसं म्या करायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "पर बाई, ते गार पडून राहिलं व्हतं, अन् मला बगवलं न्हाई."

मग तिनं नळीवर बोटं मिटली, आणि लगेच उघडली. माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारायचं होतं, आणि मी रागवेन की काय असं वाटत होतं तिला, अजूनही.

"लई गार हाय," ती म्हणाली.

"धर," मी म्हटलं. "मुठीत धर. ऊब येऊ दे तिला."

तिनं मूठ मिटली, वरून दुसरा हात ठेवला, आणि पदर ओढून दोन्ही हात पोटाशी घेतले. पुसेगावकडची गाडी निघायला अजून तास होता. बाहेरून कोणीतरी विचारलं, बाई, आमचा नंबर कधी? मी पडद्याआडून सांगितलं, थांबा जरा, आत लेकरू आहे.